दगडाला डोळा होता

सुगले,

तुझ्या फोनवर मी बोललेलं शेवटचं वाक्य "कुठं मेलीस गं?" हे आहे. आणि ते तू ऐकलंही नाहीस.

सात रस्त्याच्या कोपऱ्यावर मी उभी होते. हातात पोहण्याच्या कपड्यांची पिशवी, त्यात टॉवेल, तुझ्यासाठी डब्यात शेंगाची पोळी. कुंभारीहून येणारी रिक्षा थांबली की मी मान उंच करून बघायची आणि त्यातून भलतीच माणसं उतरायची. तलावावर बायकांची बॅच सुरू होऊन गेली असणार, पहिल्या रांगेतली जागा त्या जाड बाईनं धरली असणार, म्हणून माझं डोकं तापलेलं. फोन उचलल्याचा आवाज आला आणि मी सुरूच झाले. "कुठं मेलीस गं? मला रोज शिस्त शिकवतीस आणि आज स्वतः लोळत पडलीस व्हय?"

पलीकडून तुझी सून रेखा म्हणाली, "मामी." मग, "मामी, तुमी या की हिकडं लवकर."

आपल्याकडं "कुठं मेलीस" हे उठता-बसता म्हणतात. तू मला कितीदा म्हणाली असशील. दूध उतू गेलं तरी म्हणायचीस, मी बाथरूममध्ये असले तरी म्हणायचीस. त्याचा अर्थ "ये लवकर, तुझ्यावाचून अडलंय" एवढाच असतो, हे मी रिक्षात स्वतःला समजावत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हातारी एकटीच बोलायलीय, म्हणाला असेल.

तू सोप्यात भिंतीला टेकून बसली होतीस. मांडी घातलेली, हात मांडीवर, डोळे मिटलेले. रेखा रडत नव्हती, नुसती बघत होती. मला म्हणाली, "आमाला वाटलं, आत्या श्वासाचं करायल्यात. मी दोनदा हितनं गेले. पोरांना बी म्हणले, दंगा करू नका, आजी श्वासाचं करायलीय."

तू रोज सकाळी तसंच बसायचीस ना. माझ्या नातीनं, पल्लवीनं शिकवलं होतं आपल्या दोघींना: तोंडानं घ्यायचा, घाई करायची नाही, घ्यायला जितका वेळ लावला त्याहून जास्त सोडायला लावायचा. तू तो अभ्यास एक दिवस चुकवला नाहीस. आणि त्या दिवशी घरातलं कुणी तुला हाक मारायला आलं नाही, कारण तू अभ्यास करतीयस असं सगळ्यांना वाटलं. सुगले, हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही. मी पुन्हा पुन्हा त्या सोप्यात जाते आणि पुन्हा पुन्हा मला वाटतं, ही आता एक डोळा उघडून म्हणणार, "कसं फसवलं, वैनी?"

फसवण्यात आपण दोघी तरबेज होतो. पण फसवण्याचीही रीत असते. समोरच्याला हसायला वेळ द्यायचा असतो.

मी तुला पहिल्यांदा बघितलं ते मैंदर्गीच्या विहिरीवर. तू माझी धाकटी नणंद, शाळा सोडलेली, परकर खोचून विहिरीत उड्या मारणारी. आणि मी कोण? सोलापूरची नवी नवरी, मॅट्रिक झालेली! केसांना रिबीन, पायात टाचेची चप्पल. शेतात टाचेची चप्पल! टाच ढेकळात रुतायची आणि मी मान वेळावून बघायची, आपल्याकडं कोण कोण बघतंय. एक म्हैस बघत होती. तीही थोडाच वेळ. त्या पोरीला आज भेटले तर तिच्या रिबिनीला धरून गदगदा हलवीन.

तू पाण्यातून म्हणालीस, "वैनी, या की आत."

त्यावर त्या शहाणीनं काय सांगावं? "पोहण्यात काही विशेष नसतं, वन्सं. माणूस पाण्यापेक्षा हलका असतो, आम्हाला शाळेत होतं ते." असं म्हणत विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले आणि शेवाळावरून टाच सरकली. माणूस पाण्यापेक्षा हलका असतो, पण लग्नातला जरीचा शालू नसतो. मी दगडासारखी खाली गेले. तू मला वेणीला धरून वर काढलंस. पायरीवर बसवलंस, पाठीत दोन दणके घातलेस आणि म्हणालीस, "लई हलक्या हायसा की वैनी." मग जरा थांबून, "आता येणीला धरून काढलंय तर कसलं वन्सं आन् कसलं अहो-जाहो? सुगला म्हन."

तेव्हापासून मी पाण्याच्या वाटेला गेले नाही. शाळेत मास्तरीण झाले, पोरांना नद्यांची नावं शिकवली, पण पाय घोट्यापलीकडं भिजवला नाही. एवढी वर्षं तू मला यावरून चिडवलंस. मला वाटलं होतं, आपण दोघी याच एका चेष्टेवर म्हाताऱ्या होणार आणि मरणार.

मग माझी नात समुद्रात नोकरीला लागली.

पल्लवी इंजिनिअर होऊन पुण्याला चिकटेल असं तिच्या बापाचं गणित होतं. ती गेली अंदमानला, बेटावर, लोकांना पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राचा तळ दाखवायला. घरात सुतक पडल्यासारखं झालं. तू एकटी म्हणालीस, "आपलंच रगत हाय. माझ्यावर गेलीय." आणि मागच्या माघात आपण दोघी तिच्याकडं जाऊन उभ्या राहिलो. विमानातून खाली बेट दिसलं तेव्हा तू खिडकीला नाक लावून होतीस. म्हणालीस, "आपल्याकडं चार-पाच दिसाला नळ येतो, घागरीसाठी भांडणं हुत्यात. आन् हितं बघ, कुणी मोजायला बी न्हाय."

बेटावर पहिले दोन दिवस तू नुसती खातच राहिलीस. मासे नाहीत. आपण लिंगायत, आपल्या सात पिढ्यांनी मासा ताटात बघितलेला नाही. तू नारळ खाल्लेस, केळी खाल्लीस, सोबत नेलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी तिथल्या बंगाली आचाऱ्याला वाटलीस. तो विचारायचा, मासळी का नाही घेत, इतकी ताजी आहे. तू त्याला हिंदीत सांगितलंस, "हम उनको मिलने आये है. मिलने को आये तो खाते क्या?"

पल्लवीनं आपल्याला आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. काळे रबरी सूट घातलेले. त्यात मी कशी दिसत होते हे तू पुढं प्रत्येक लग्नात सांगितलंस, म्हणून इथं सांगत नाही. डोळ्यांवर काच, तोंडात नळी. खाली बघ, म्हणाली. मी खाली बघितलं आणि माझाच श्वास माझ्या कानात इतका मोठ्यानं ऐकू आला की मला वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे. मी उठले, नळी काढली, म्हणाले, "झालं माझं. छान आहे समुद्र." आणि बोटीत जाऊन लिंबू हुंगत बसले.

तू गेलीस.

जाण्याआधी पल्लवीनं गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. तू बोरमाळ काढून माझ्याकडं दिलीस. तिनं गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बोट दाखवलं. तू म्हणालीस, "हे लिंग हाय, बाळ. हे अंगावरनं काढायचं नसतंय. मेल्यावर बी संगं येतंय." पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तुझ्याकडं, आणि ती डबी तुझ्या सुटाच्या आत सारून चेन गळ्यापर्यंत ओढली.

पुढं काय झालं ते मी बघितलं नाही. मला फक्त बुडबुडे दिसले. दोन ठिकाणी वर येत होते, सारखे, शेजारी शेजारी. मला बरं वाटत होतं. मग एकाएकी एकाच ठिकाणी फार बुडबुडे आले आणि तुम्ही दोघी वर आलात. पल्लवीनं तुला मागून धरलेलं, तू खोकतीयस, नाकातून पाणी, डोळे लाल. माझा जीव गेला. आणि तू बोटीच्या कडेला धरून, श्वाससुद्धा नीट आला नव्हता, ओरडलीस:

"वैनी! दगडाला डोळा हाय!"

त्या दिवसापासून तुझं माझं भांडण सुरू झालं. ते आता मी एकटी चालवतीय.

तुझं म्हणणं असं. खाली प्रवाळाच्या खडकाला लागून एक दगड होता. तपकिरी, गुळाच्या ढेपेएवढा, ढेपेसारखाच खडबडीत. पोपटासारख्या चोचीचे हिरवे मासे खडकाला करकर चावत होते, ते तू बघत होतीस. तेवढ्यात दगडानं डोळा उघडला. बुबुळ आडवं होतं, शेळीसारखं. मग दगड पांढरा झाला, वाळूसारखा, ज्वारीचं पीठ सांडल्यासारखा. मग त्याच्या अंगावर काटा आला. मग तो तांबूस झाला आणि त्यातून एक हात निघाला. तू बोट पुढं केलंस. त्यानं बोट धरलं. "पाळण्यातलं लेकरू धरतंय तसं. घट्ट न्हाय. पर सोडंना बी."

आणि तू काय केलंस? पल्लवीचा हात सोडलास, दोन्ही हात जोडलेस आणि तोंड उघडून म्हणालीस, "शरण्री!"

तोंडात नळी होती, बये. तिच्यातूनच तू श्वास घेत होतीस. ती पडली, समुद्र तुझ्या घशात गेला, आणि बिचाऱ्या पल्लवीनं नळी परत तोंडात कोंबून तुला वर आणलं. ती म्हणाली, "आजी, मी इतक्या लोकांना खाली नेलंय. घाबरून नळी काढणारे बघितलेत. नमस्कार करायला काढणारी तू पहिली."

तू तिला म्हणालीस, "आगं, एवढ्या डोळ्यानं त्यानं माज्याकडं बघितलं. वळखीचं बघितल्यावर माणूस शरण म्हणतोय का न्हाय? आन् एका हातानं कुणी शरण करतंय का?"

मी म्हणाले, तुला चक्कर आली असेल. काचेवर वाफ धरली असेल. ऑक्टोपस असतात, मान्य. रंग बदलतात, तेही मान्य, मी पोरांना शिकवलंय. पण सोलापूरच्या बाईचं बोट धरतात? हे मी मानणार नाही. पल्लवीला विचारलं तर ती म्हणाली, "मी नळी बघत होते, आज्जी, खडक नाही. असेलही." 'असेलही' ही काय साक्ष झाली?

परत आल्यावर तू ते सगळ्यांना सांगितलंस आणि सगळ्यांनी मानलं. भाजीवाल्यानं मानलं. तुझ्या नातवंडांनी मानलं. मी एकटी मानेना. म्हणून तू सगळ्यांना एकदा सांगितलंस आणि मला शंभरदा. मीही काय कमी? मास्तरीणच. दर वेळी उलटतपासणी. डोळा केवढा? पहिला रंग कोणता? हात उजवीकडून आला की डावीकडून? माझा अनुभव असा आहे की खोटं बोलणाऱ्या पोराच्या गोष्टीत दर वेळी काहीतरी वाढतं. कुत्रा एक असतो, तो तीन होतो. तुझ्या गोष्टीत काहीच वाढत नव्हतं. ढेपेएवढा, शेळीसारखा, पिठासारखा, लेकरासारखा. त्याचाच मला जास्त राग यायचा.

अक्कलकोटला आपल्या पुतण्याच्या लग्नात, अक्षता हातात असताना, तू मला निकालाचा दिवस ठरवून दिलास. "येत्या माघात पुन्हा जायाचं. ह्या टायमाला तू खाली यायचंस. डोळ्यानं बघायचं. न्हाय दिसलं तर मी हरले. कबूल?" मंगलाष्टकं चालू होती. मी म्हणाले, "कबूल," आणि अक्षता तुझ्या अंगावर टाकल्या.

म्हणून तो तलाव. या वयात आपण सात रस्त्याजवळच्या दुकानात पोहण्याचे कपडे घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "नातीचं वय काय, आजी?" तू म्हणालीस, "नातीला येतंय पवायला. हिला घ्यायचंय. जरा मोठा दाव." रोज सकाळी तू मला उथळ भागात उभी करायचीस, डोक्यावर हात ठेवायचीस आणि म्हणायचीस, "तोंड बुडव. मी हाय." माझं तोंड पाण्यात गेलं की तू मोठ्यानं आकडे मोजायचीस आणि चारनंतर मुद्दाम सात म्हणायचीस, मला वाटावं की मी फार वेळ टिकले. मला कळत नव्हतं असं तुला वाटलं का? गणित शिकवलंय मी.

आता मधलं सांगते. तुला माती दिली ते.

आपल्यात बसवूनच पुरतात हे मी जन्मभर बघत आले. सासू, सासरे, हे, सगळे तसेच गेले. पण तुला फुलांनी सजवलेल्या मंटपात बसवलं, कपाळावर विभूती, गळ्यात हार, डाव्या हातात ते लिंग, आणि मला धक्का बसला तो तू गेल्याचा नव्हे. तू इतकी तूच दिसत होतीस त्याचा. आडवं निजवलेलं माणूस गेलेलं दिसतं. बसवलेलं माणूस ऐकत असतं. भजन चाललेलं, टाळ चाललेले, सगळे रडतायत, आणि मी टक लावून बघतीय की तुझा श्वास कधी सुटतो. इतका वेळ धरलायस, म्हटलं, आता सोड.

खड्ड्यात बसवल्यावर विभूती टाकली, बेल टाकला, मग मिठाचं पोतं आणलं. मूठ मूठ मीठ सगळ्यांनी टाकलं. माझी मूठ टाकताना मला ऐकू आलं, अगदी स्पष्ट, तुझ्या आवाजात: "जपून वैनी, खारट हुईल." आणि मी हसले. सगळ्यांसमोर, स्मशानात, मोठ्यानं हसले. रेखानं मला धरलं. बायकांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाय. डॉक्टरनं तुझं हृदय तपासून तुला समुद्रात उतरायला परवानगी दिली होती. समुद्रातून तू हसत वर आलीस. आणि कुंभारीत, कोरड्या सोप्यात, भिंतीला टेकून? हे कुठल्या हिशेबात बसतं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

काही जण सांगतात. समुद्रानं ओढलं म्हणे तुला. समुद्र इथून केवढा लांब! इतके महिने त्यानं वाट बघितली आणि मग कुंभारीची रिक्षा धरली?

पण खरं संकट वेगळंच आहे, सुगले, आणि त्यासाठी मी हे लिहायला बसलेय. तू गेल्यानंतरच्या शिवगणाराधनेला जेवणं झाल्यावर माणसं बसली होती. तुझे थोरले दीर उठले. म्हणाले, "सुगलाबाई पुण्यवान. समुद्राच्या तळाला तिला साक्षात महादेवानं दर्शन दिलं. शिळेतनं डोळा उघडला. तिसरा डोळा! तवाच तिला बोलावणं आलं हुतं."

सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी डोळे पुसले. मला दिसायला लागलं पुढचं. पुढच्या वर्षी त्या शिळेतून आवाज येईल. त्याच्या पुढच्या वर्षी तू पाण्यावरून चालत गेलेली असशील. तुझी एवढीशी, नेमकी, ढेपेएवढी गोष्ट. तिच्यात तू जन्मात कधी काही वाढवलं नाहीस, आणि तुझी माती ओली आहे तोवर हे लोक वाढवायला लागले.

मी उठले. "अण्णा, चुकतंय," म्हणाले. "डोळा आडवा होता. शेळीसारखा."

जोडलेले हात खाली आले. मी पुढं बोलत राहिले.

"आणि तिसरा नव्हता. पहिलाच होता. दुसरा पलीकडच्या बाजूला असेल, तो तिला दिसला नाही. आणि दगड नंतर पांढरा झाला, पिठासारखा. आणि महादेवबिहादेव कुणी नव्हतं. जनावर होतं. त्यानं तिचं बोट धरलं, लेकरू धरतं तसं, घट्ट नाही, पण सोडेना. असं तिनं सांगितलं. आणि एवढंच सांगितलं."

अण्णा म्हणाले, "म्हंजे तुमी मानता की."

"मी काहीच मानत नाही," मी म्हणाले. "बोट धरल्याचं तर मुळीच मानत नाही. माझं तिच्याशी भांडण चालू आहे. पण ती जे म्हणाली नाही ते तिच्या नावावर खपवायचं नाही."

मेलेल्या माणसाचं सगळं खरं म्हणायचं अशी रीत आहे. मी नाही म्हणणार. तू असतीस तर माझ्या अशा मानण्यावर थुंकली असतीस. कीव करून जिंकवलंस व्हय वैनी, म्हणाली असतीस.

माणसं पांगल्यावर मी पत्रावळ्या गोळा करत होते. रेखा शेजारी येऊन बसली. त्या दिवसापासून ती नीट रडलेली नाही, आणि दोनदा तुझ्या समोरून गेल्याचं कुणाला सांगायला लागली की अर्ध्यावर सोडून कामाला लागते. म्हणाली, "मामी, आत्या मला बी सांगायच्या ते. कणीक मळताना."

"तुला काय सांगायची?"

"सांगायच्या न्हाईत. दावायच्या." आणि तिनं माझी करंगळी आपल्या मुठीत धरली. हळू. तिचा हात ओला होता. घट्ट धरली नव्हती, आणि ती सोडेना. मीही सोडवून घेतली नाही. तेव्हा कुठं ती रडली, आणि मी पण.

इतक्यांदा सांगितलंस, पण माझं बोट तू कधी धरून दाखवलं नाहीस. मीच म्हणायची, लांबूनच सांग, कणकेचे हात लावू नकोस.

माझा मुलगा म्हणतो, अंदमानची तिकिटं रद्द करून टाकू. आता आत्याच नाही, कुणाच्या जिवावर जाणार? वय बघ, आई. तो चांगल्या मनानं म्हणतो. मी त्याला म्हणाले, थांब जरा. आणि दुसऱ्या दिवशी एकटी तलावावर गेले. जाड बाईनं मला बघून पहिल्या रांगेतली जागा सोडली, तेव्हा मला कळलं की सगळ्यांना कळलंय. मी उथळ भागात उभी राहिले. डोक्यावर हात नव्हता. कुणी आकडे मोजत नव्हतं. तोंड बुडवलं, आणि तोच श्वास कानात, मोठ्यानं. मागं कुणीतरी उभं असल्यासारखा. या वेळी मी वळून बघितलं नाही. मोजले. चारनंतर पाच म्हणाले, सुगले, आणि पाचनंतर सहा. खरे सगळे.

घरी येऊन पल्लवीला फोन लावला. म्हणाले, "एकच तिकीट रद्द कर. माझं ठेव." पोरगी "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "आज्जी, एक सांगू? रागावू नको. ते असेल ना, सुगलाआजीला दिसलेलं, ते आता नसणार. ऑक्टोपस फार जगत नाहीत. वर्ष, सव्वा वर्ष. मादी तर अंडी घातली की खाणंपिणं सोडून त्यांना राखत बसते. पिल्लं सुटली की संपते."

तूही नाहीस आणि तेही नाही. दोघंच होतात तिथं.

"आज्जी? आहेस ना?"

"आहे," म्हणाले. "आणि पिल्लं?"

"पिल्लं असतात. लाखभर सुटतात, त्यातली एखाद-दुसरी जगतात. त्या खडकाला आता दुसरं कुणीतरी असेल. बहुतेक."

'बहुतेक'. ही पोरगी आणि तिच्या साक्षी!

तर मी येतेय, सुगले. म्हणजे तिथं जातेय. काळा सूट घालीन, हसणारे हसोत. नळी दातांत घट्ट धरीन. पल्लवीनं दाखवलेल्या खडकापाशी जाऊन, गुळाच्या ढेपेएवढा जो कुणी बसला असेल त्याच्यासमोर बोट धरून थांबेन, सिलिंडर संपेपर्यंत.

त्यानं बोट नाही धरलं, तर मी सोलापूरला परत येऊन अण्णांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगणार आहे की सुगला हरली, मी जिंकले. लाज धरणार नाही.

आणि धरलं तर?

त्याच्यासमोर मी तोंड उघडणार नाही, नळी असेल. वर येईन, बोटीच्या कडेला धरीन, काच डोळ्यांवरून काढीन. पल्लवी विचारील, काय झालं? तिला काय सांगायचं ते सांगीन. पण सुगले, "तू खरं बोलत होतीस" हे मी कुणाला म्हणू?